चार्जशीट टाइप करण्याआधी

प्रति,
एचआर विभागप्रमुख आणि कामगार संघटनांचे पदाधिकारी,
पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव

विषय : व्यसनाधीन कामगारावर कारवाई करण्यापूर्वी उपचाराची संधी देणेबाबत

स.न.वि.वि.

व्यवस्थापन आणि युनियन यांना मी एकच पत्र लिहितोय. एरवी तुम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसता. पण पिणाऱ्या कामगाराच्या बाबतीत दोघांचं वागणं इतकं मिळतंजुळतं आहे की दोन पत्रांची गरज वाटली नाही. व्यवस्थापन त्याला स्थायी आदेशांच्या, म्हणजे कंपनीच्या शिस्तनियमांच्या, कलमात बसवतं, युनियन त्याला त्या कलमातून सोडवते आणि तो त्याच अवस्थेत त्याच मशीनवर परत येतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. शेवटी एक दिवस युनियनही कंटाळते आणि माणूस हिशेब घेऊन घरी जातो. त्याची पर्सनल फाइल एव्हाना वीतभर जाड झालेली असते. तिच्यात शो-कॉज, म्हणजे ‘कारणे दाखवा’ नोटीस असते, माफीनामे असतात, एन्क्वायरीचा अहवाल असतो. डॉक्टरची चिठ्ठी मात्र एकही नसते.

माझी मागणी पहिल्यांदाच सांगून टाकतो, म्हणजे कामाच्या गडबडीत ज्यांना पुढचं वाचायला जमणार नाही त्यांचीही सोय होईल. पहिली चार्जशीट, म्हणजे शिस्तभंगाचं आरोपपत्र, टाइप होण्याआधी त्या कामगाराला उपचाराची लेखी संधी द्या, आणि तो उपचार घेत असेपर्यंत त्याची नोकरी राखून ठेवा.

मी पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत वेल्फेअर ऑफिसर होतो, आता निवृत्त आहे. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टनं ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना हे पद भरायला लावलं, तेव्हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कँटीनच्या पलीकडचंही काही असावं. प्रत्यक्षात माझी बरीच नोकरी चहा पातळ असल्याच्या तक्रारी ऐकण्यात गेली. उरलेल्या वेळात मी मस्टर, म्हणजे हजेरीपट, बघायचो, आणि या पत्रातलं बरंचसं शहाणपण तिथूनच आलंय.

व्यसन सगळ्यांत आधी घरात कळतं असं म्हणतात. मला तसं दिसलं नाही. घरचे लोक कितीतरी वर्षं स्वतःची समजूत घालत राहतात. मस्टर कुणाची समजूत घालत नाही. सोमवारचे खाडे, पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा खाडा, एकाच मावशीचं दोनदा झालेलं निधन, सगळं तिथे तारीखवार लिहिलेलं असतं. शेजारच्या कपाटात बाकीचे कागद सापडतात : पतपेढीचं थकलेलं कर्ज, त्याला जामीन राहून आता अबोला धरलेला सहकारी, घरदुरुस्तीसाठी पीएफमधून काढलेली रक्कम आणि तरीही गळणारं घर. मग कधीतरी गेटवर बायको येते आणि म्हणते, साहेब, यांचा पगार माझ्या हातात द्या. पगार बँकेत जमा होतो, कायद्यानं तुम्हाला तो तिच्या हातात देताही येत नाही, म्हणून सिक्युरिटी तिला परत पाठवते. ती पगारासाठी आलेली नसते, मदत मागायला आलेली असते. ती कुठे मागायची हे तिला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

शॉपमधलं एक लक्षण सुपरवायझर लोक हमखास उलटं वाचतात. सकाळी फर्स्ट शिफ्टला व्हर्नियर धरताना एखाद्याचा हात थरथरतो, कपाळावर घाम असतो, दोन शब्दही बोलायची इच्छा नसते. जेवणाच्या सुट्टीनंतर तोच माणूस स्थिर हातानं काम करतो, गप्पा मारतो. सुपरवायझर म्हणतो, आता बरा दिसतोय. तो बरा नसतो. सुट्टीत गेटबाहेर जाऊन क्वार्टर मारून आलेला असतो. रात्रभरात शरीरातली दारू उतरली की हात कापायला लागतो आणि थोडी पोटात गेली की थांबतो. मजेसाठी पिण्याचे दिवस संपून उभं राहण्यासाठी पिण्याचे दिवस आले, असा याचा अर्थ.

इथे डॉक्टर लोक जे सांगतात ते थोडक्यात मांडतो. पिणारा प्रत्येक माणूस व्यसनी नसतो. केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू पितात असं आढळलं. दारूवर पुरते अवलंबून झालेले त्यांतले थोडे, लोकसंख्येच्या २.७ टक्के. आजार ठरवताना मानसोपचारतज्ज्ञ किती पितो एवढंच विचारत नाहीत. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे फसलेले प्रयत्न, तलफ, कामात आणि घरात होणारी हेळसांड, तेवढाच परिणाम व्हायला वाढत जाणारं प्रमाण, बंद केल्यावर होणारा त्रास, अशी एकूण ११ लक्षणं ते तपासतात. बारा महिन्यांत दोन-तीन दिसली तर आजार सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. तुमच्याकडे चार्जशीटपर्यंत पोचलेला माणूस बहुधा तिसऱ्या गटातला असतो. सौम्य गटात असताना तो तुमच्या नजरेला पडला असता तर एखाद्या चांगल्या समुपदेशकासोबतच्या थोड्या बैठकांतही फरक पडला असता.

“मनावर घेतलं तर सुटतं” हे वाक्य मी मॅनेजिंग डायरेक्टरच्या केबिनमध्येही ऐकलंय आणि युनियनच्या ऑफिसातही. दारू आणि इतर पदार्थ मेंदूतल्या डोपामिनच्या यंत्रणेवर काम करतात. अन्न, सोबत, शाबासकी यांतून मिळणारं समाधान याच यंत्रणेतून येतं. वर्षानुवर्षं बाहेरून मारा झाला की तिला बाकी कशाची गोडी राहत नाही आणि विचार करून स्वतःला थांबवणारा मेंदूचा पुढचा भाग दुबळा पडतो. म्हणजे ज्या मनावर घ्यायला सांगताय, तेच आजारी आहे. शिवाय व्यसनाचा धोका कुणाला किती, यात अनुवंशाचा वाटा साधारण निम्मा असतो. एकाच टेबलावर बसून पिणारे दोघे असतात, त्यांतला एक सुटतो आणि एक अडकतो, त्यात पहिल्याची फार मोठी कर्तबगारी नसते.

आता ज्यामुळे हे पत्र लिहायला बसलो तो भाग. शो-कॉज हातात देताना आपण सर्रास सांगतो, “उद्यापासून बंद कर, नाहीतर घरी बस.” घाबरलेला माणूस खरंच त्या रात्रीपासून बंद करतो. रोज भरपूर पिणाऱ्याने असं एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. सहा-आठ तासांत कापरं भरतं, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि ती घरी येईल की पॉवर प्रेससमोर, हे कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. अंगावर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हेच कळत नाही. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि त्याला देवऋषाकडे नेतात. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. उपचार अवघड नाहीत : डॉक्टरच्या देखरेखीत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी औषधं देऊन ती हळूहळू कमी करायची आणि बी-१ जीवनसत्त्व भरपूर द्यायचं. बी-१ आधी न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो, हे कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही लक्षात ठेवलेलं बरं. म्हणून विनंती आहे, कुठल्याही कामगाराला “आजपासून बंद” असा आदेश देऊ नका. डॉक्टरकडे जायला सांगा, कुणाला तरी सोबत द्या.

प्यायलेल्या माणसाला मशीनवर राहू द्या, असं मी म्हणत नाही. त्याला त्याच क्षणी बाजूला घ्या, आणि कृपया त्याच्याच दुचाकीवरून एकट्याला नाशिक फाट्याकडे रवाना करू नका. सुपरवायझरनं रोगनिदानही करायचं नाही. “हा बेवडा आहे” ही नोंद नव्हे. किती वाजता आला, काय चुकलं, किती पीस रिजेक्ट झाले, हे लिहावं. आजार आहे की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

उपचारासाठी पुण्याला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. शहर गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलं होतं, त्या काळात, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधारानं येरवड्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथला निवासी उपचार साधारण पाच आठवड्यांचा. ससून या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभा शहरात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून होतात, फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, दोन्ही मोफत. हे दोन आकडे टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी आणि स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. आतल्या बाजूला अशासाठी की तिथे ते लिहून घेताना कुणी बघत नाही.

इतकं असूनही त्याच सर्वेक्षणात असं दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला ना कुठला उपचार मिळालेला असतो, आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० मध्ये एक. बाकीचे का जात नाहीत? लाज हे कारण आहेच. पण कामगाराच्या बाबतीत त्याहून रोकडं कारण म्हणजे पाच आठवड्यांची रजा. रजा शिल्लक नसते, कारण सगळी सोमवारांत संपलेली असते. अर्जावर कारण काय लिहायचं हा प्रश्न असतो, आणि परत येईपर्यंत जागा राहील का ही धास्ती असते. यातलं एकही कारण डॉक्टर दूर करू शकत नाही. तुम्ही एका कागदानं करू शकता. ईएसआयखाली, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली, असलेल्या कामगाराला डॉक्टरनं कामास अयोग्य ठरवलं तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतनाचा लाभ मिळण्याची तरतूद आहे, तिची माहिती त्याला कुणीतरी बसवून सांगायला हवी. वरच्या पगाराच्या लोकांसाठी ग्रुप मेडिक्लेम असतो. त्यात व्यसनाच्या उपचाराला वगळणारं कलम बहुतेक वेळा असतंच. पण ग्रुप पॉलिसीत घासाघीस करता येते. नूतनीकरणाच्या वेळी ब्रोकरकडे तो विषय काढा, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू व अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितीही आजाराच्या व्याख्येत घेतल्या आहेत, हे त्याला ऐकवा.

नोकरी हा उपचाराला नेणारा सगळ्यात मोठा जोर आहे. बायकोनं माहेरी जायची धमकी दिली तरी न हललेला माणूस नोकरी जाईल म्हटल्यावर हलतो. तुमच्याकडे हे एवढं हत्यार आहे आणि तुम्ही ते फक्त शेवटी, तोडण्यासाठी वापरता. नोकरी गेली की त्याच्याकडे वेळ उरतो, पीएफचे पैसे येतात, आणि पुढचं सगळं झपाट्यानं होतं. त्या पैशांतून पुढे काय झालं हे माझ्या पाहण्यातल्या अनेक घरांत कळलं, त्याचं वर्णन इथे करत नाही.

बरा होऊन आलेला कामगार पुन्हा प्यायला, तर? पिईल, कदाचित. व्यसनमुक्तीतली मंडळी याला स्लिप म्हणतात. व्यसनाच्या उपचारानंतर ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात असं संशोधन सांगतं, आणि रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या रुग्णांत आजार उलटण्याचं प्रमाण यापेक्षा कमी नाही. बीपीची गोळी सोडून चक्कर येऊन पडलेल्याला आपण चार्जशीट देत नाही. नाल्ट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेटसारखी तलफ आवरायला मदत करणारी औषधं आहेत, ब्राउन शुगरवाल्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. पण खरा आधार फॉलोअपचा. त्यासाठी त्याला आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी लागते आणि निदान सुरुवातीचे काही महिने नाइट शिफ्टमधून सुटका लागते. झोप बिघडली की तलफ वाढते. शिफ्ट बदलायला तुम्हाला एक पैसा खर्च नाही.

कुठे पाठवू नये, हेही सांगायला हवं. “रुग्णाला न सांगता दारू सोडवा” अशी पत्रकं बस स्टॉपपासून विजेच्या खांबापर्यंत सगळीकडे चिकटवलेली असतात. चहातून द्यायच्या त्या पुडीत काय आहे ते कुणी सांगत नाही. त्यात डायसल्फिरमसारखं औषध असेल आणि बिचाऱ्याने वर दारू घेतली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. हे औषध चांगलं आहे, पण रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं, डॉक्टरच्या नजरेखाली. दुसरा प्रकार गाडी पाठवून माणसाला रात्री उचलून नेणाऱ्या केंद्रांचा. बांधणं, मारणं, घरच्यांना महिनोन्महिने भेटू न देणं म्हणजे उपचार नव्हे. साखळीनं बांधायला २०१७ च्या कायद्यानं साफ बंदी आहे, आणि अशा केंद्राला नोंदणी लागते. यादीत कुठल्याही केंद्राचं नाव घालण्याआधी कंपनीच्या माणसानं स्वतः जाऊन यावं, नोंदणी पाहावी, मानसोपचारतज्ज्ञ कधी येतात ते विचारावं, आणि दार आतून उघडतं का तेही पाहून घ्यावं.

तरुण ट्रेनी मुलांबद्दल थोडं. त्यांच्यात दारूइतकाच एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा प्रश्न आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर छापा घातला आणि शेकडो किलो एमडी हाती लागलं. म्हणजे हा माल परदेशातूनच येतो असंही नाही, आपल्यासारख्याच शेडमध्ये, आपल्यासारख्याच रिअ‍ॅक्टरमध्ये बनतो. यात तोंडाला वास येत नाही, हात कापत नाही. नाइटला मुलगा भलताच तरतरीत असतो, मग दोन दिवस उठत नाही. वजन उतरतं, संशयी होतो, उसनवारी वाढते. याच्यावर दारूसारखी ठरावीक औषधं नाहीत, समुपदेशनावरच भर असतो, म्हणून लवकर गाठणं जास्त महत्त्वाचं. पोलिसांच्या भीतीनं ही मुलं कुणाजवळ बोलत नाहीत. त्यांना सांगा की एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४अ आहे : सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

व्यवस्थापनाला आणखी एक. वरच्या मजल्यावरचा साहेब व्हेंडरच्या पार्टीत रोज पितो, त्याला आपण सोशल म्हणतो. त्याच्या केबिनला दार असतं आणि त्याला पंचिंग नसतं, म्हणून त्याचे सोमवार दिसत नाहीत. धोरण करायचं तर त्याच्यासकट करा. फक्त निळ्या गणवेशासाठी केलेलं धोरण शॉप फ्लोअरवर दोन दिवसांत ओळखलं जातं.

आणि युनियनच्या मित्रांनो, तुम्ही एन्क्वायरीत माणसाला वाचवता, त्याबद्दल आदर आहे. पण त्याच्या जागी कार्ड पंच करणं, त्याचा जॉब उरकून देणं, “आजच्या दिवस सांभाळून घ्या साहेब” म्हणणं याला तुम्ही भाईचारा म्हणता. तो सांभाळला जातो आणि आजार वाढत राहतो. त्याच्या घरी जाऊन बायकोशी बोलणं, त्याला पहिल्या दिवशी केंद्रापर्यंत सोडायला जाणं आणि रविवारी भेटायला जाणं हे काम एचआरला जमणार नाही. ते तुम्हालाच जमेल, कारण तुमच्यावर त्याचा विश्वास आहे.

यात नवीन मी काही सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ सालीच कामाच्या ठिकाणच्या दारू व अमली पदार्थांच्या प्रश्नांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली. असे प्रश्न आरोग्याचे प्रश्न समजावेत आणि माहिती गुप्त ठेवावी, असं तीही म्हणते. आपल्याकडे ती कागदावर आणण्याचा सोपा रस्ता म्हणजे पुढचा वेतन करार. मसुदा लिहून देतोय, शब्द हवे तसे फिरवा :

“दारू अथवा अन्य मादक पदार्थांच्या व्यसनाने आजारी असलेल्या कायम वा कंत्राटी कामगारास, गैरहजेरी किंवा कामातील कसुरीबद्दल पहिली शिस्तभंगाची कारवाई करण्यापूर्वी, नोंदणीकृत केंद्रात वा शासकीय रुग्णालयात उपचार घेण्याची लेखी संधी देण्यात येईल. उपचाराच्या काळात त्याची नोकरी राखून ठेवण्यात येईल. उपचारासंबंधीची माहिती वैद्यकीय अधिकारी व एक नियुक्त अधिकारी यांच्यापुरतीच राहील आणि पर्सनल फाइलला जोडली जाणार नाही. कामावर परतल्यानंतर एक वर्षापर्यंत पाठपुराव्यासाठी शिफ्टची सवलत देण्यात येईल. या काळात व्यसन उलटल्यास आणखी एकदा उपचाराची संधी देण्यात येईल. मारहाण, चोरी व इतरांच्या जीविताला धोका पोचवणारी कृत्ये यांना हे कलम लागू राहणार नाही.”

वाटाघाटीत यातलं “वा कंत्राटी” आधी खोडलं जाईल. व्यवस्थापन म्हणेल तो आमचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. युनियनही तिथे फार ताणणार नाही, कारण तो वर्गणीदार नाही. चाकणच्या लाइनवर आज निम्म्याहून जास्त हात त्याचेच दिसतात, आणि त्याला चार्जशीटही मिळत नाही, दुसऱ्या दिवशी गेटपासच बंद होतो. तेवढ्या शब्दांवर अडून बसा.

आपला,
एक निवृत्त वेल्फेअर ऑफिसर
चिंचवड, पुणे